किल्ल्यावरची रात्रपाळी

लोखंडेबाईंच्या लाल पेन्सिलीला ‘शूर’ हा शब्द खपत नसे. चौथीतल्या कुणी ‘तो फार शूर होता’ असं लिहिलं, की त्या शब्दावर काट न मारता शेजारी बारीक अक्षरात लिहायच्या, ‘म्हणजे काय केलं?’ पोर बिचारं उत्तरासाठी पुस्तक उघडायचं, तर तिथंही ‘शूर’च छापलेलं असायचं.

चाकणपट्ट्यात, निघोज्याजवळच्या आमच्या शाळेत मी नवी लागले, तेव्हा माझा वर्ग त्यांच्या शेजारी होता. बाई लिहायला शिकवत इतिहासाच्या तासाला, आणि इतिहास दिवाळीच्या किल्ल्यावर. भाड्याच्या खोल्यांतल्या पोरांना किल्ला करायला अंगण कुठलं? म्हणून सुटी लागण्याआधी शाळेच्याच आवारात किल्ला व्हायचा. बाई पदर खोचून स्वतः चिखल तुडवायच्या. मग प्रत्येकानं किल्ल्यावर मांडलेलं एक चित्र, म्हणजे मातीचं माणूस, निवडायचं आणि त्याचा एक दिवस लिहायचा. “राजावर सगळेच लिहितात,” त्या म्हणायच्या, “त्याची भाकरी कुणी थापली ते बघ. आधी किल्ल्यात राहायला जा, मग लिही.”

त्या वर्षी कावेरीनं पहारेकरी घेतला आणि वर्गात वाचून दाखवलं, ‘माझी सेकंड शिफ्ट होती. रिलीव्हर आला नाही म्हणून ओव्हरटाइम करावा लागला.’ वर्ग खो खो हसला. दाराआड मीही तोंडाला रुमाल लावला. एकट्या बाई हसल्या नाहीत. हे शब्द त्या काळी नव्हते, ते काढ, पण माणूस खरा आहे, त्याला राहू दे, असं त्यांनी तिला सांगितलं. “रात्रभर पहारा करून तो घरी आला. पुढं काय? ते तुझ्याइतकं इथं कुणाला ठाऊक नाही.”

दिवाळीनंतर कावेरीचे वडील तिचा दाखला काढायला आले. चाकणच्या कंपनीत कामाला, रात्रपाळी करून थेट आलेले. तिला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

“बाई, इतिहास लिहून हिला कामावर कोण घेणार हाय?”

कावेरी दप्तर पोटाशी धरून दारात उभी होती. बाईंनी वाद घातला नाही. दाखला देते, तोवर चहा घ्या आणि पोरीनं काय लिहिलंय ते ऐका, एवढंच म्हणाल्या. कावेरी वाचू लागली.

‘पहारेकरी सकाळी घरी येऊन झोपतो. त्याची बायको भांडी तशीच ठेवते, कारण घासली की आवाज होतो. मुलगी पाढे ओठांतल्या ओठांत म्हणते. तिला त्याचा झोपलेला चेहराच जास्त पाठ आहे.’

वडिलांनी न पिताच कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

“ही पाढे ओठांत म्हणती,” ते म्हणाले, “मला ठाऊकच न्हवतं.” मग उठता उठता म्हणाले, “चौथी हितंच होऊ द्या.” शेजारच्या वर्गात ऐकत उभी असलेली मी उगाच फळा पुसायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात जो तो ‘थोर’, ‘महान’ म्हणत होता. मीही म्हणाले. बाईंनी खुर्चीतून माझ्याकडे नुसतं पाहिलं. ‘म्हणजे काय केलं?’ हा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला आणि पुढचं भाषण आठवेना. मी खाली बसले.

मग मागून कावेरीचे वडील उठले. अंगावर कंपनीचाच शर्ट होता.

“मला बोलता येत न्हाई. पण बाईंच्यामुळं आमच्या घरात आता सकाळचं पाढे मोठ्यानं म्हणत्यात. माझी झोप मोडती. मोडू द्या.”

त्या दिवशी बाईंनी तेवढ्या एकाच भाषणाला टाळ्या वाजवल्या.