शिमग्यातला ओंडका

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतोय, तेही अडखळतच.

नव्वदीच्या सुरुवातीला मी सिल्वासात सरकारी इंजिनिअर होतो, नाशिकहून नुकताच आलेला. कारखाने वाढत होते, तशा चोऱ्यामाऱ्याही. पगाराच्या दिवशी कामगारांना वाटेत लुटायचे. डोकमर्डीत आमच्या चाळीत दिवेलागणीलाच दारांना कड्या लागायच्या. अनोळखी माणूस दिसला की लोक रस्ता बदलायचे — मी तर सगळ्यांच्या आधी.

खानवेलच्या पुढे जंगलातल्या एका पाड्यावर दवाखाना मंजूर झाला होता. जागा पाहायला मी निघालो. शिमग्याचे दिवस, ड्रायव्हर रमणभाई सुट्टीवर, म्हणून जीप मीच चालवत होतो. एका वळणावर रस्त्यात ओंडका आडवा टाकलेला. पलीकडे तोंडं रंगवलेली माणसं, कमरेला कोयते. एक म्हातारा हात हलवत पुढे आला — आणि मी? जीप वळवली ती थेट ऑफिसात आणून उभी केली. साहेबांना सांगितलं, वाट अडवून हल्ला केला, दगड मारले.

दगड कुणी मारले होते? कुणीच नाही. पण नुसताच घाबरून पळालो, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

सुट्टीवरून आलेला रमणभाई ऐकून पोट धरून हसला. "अरे साहेब, वो तो फाग मांगते हैं! होली में गाडी रोकते, रुपया दो, नाच के छोड देते."

म्हणजे मला कळलं होतं. दवाखान्याची जागा तेव्हा अजून बदलली नव्हती. साहेबांची केबिन समोरच होती — उठायचं आणि सांगायचं, एवढंच. पण ऑफिसात सगळे मला धीराचा माणूस म्हणून चहा पाजत होते, आणि मी तो पीत होतो. रमणभाईलाच दटावलं, तू होतास का तिथे? तो बिचारा जीप पुसायला निघून गेला.

दवाखाना सिल्वासाजवळ गेला, सुरक्षित जागी. पाड्याच्या वाटेवर पोलीस चौकी बसली. घाबरलेलं सरकार दवाखान्याआधी चौकी बांधतं, असं मी पुढे चारचौघांत मोठ्या तोंडाने बोलायचो. सरकारला घाबरवलं कुणी, ते सोडून.

दोनेक वर्षांनी तोच म्हातारा ऑफिसात आला — लखमा त्याचं नाव. बाळंतपणाला अडलेली सून झोळीतून खानवेलला नेताना वाटेतच गेली होती, पोटातल्या बाळासकट. दवाखाना का नाही आला, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने मला ओळखलं नाही. मी ओळखलं. तुमच्याकडे आमच्या एका साहेबावर हल्ला झाला होता, म्हणालो.

"पोलिसांनी आमाला बी सांगला. आमी लय शोधला, कोन ता गावला नाय." मग म्हणाला, "त्या सायबाला लागला तर नवता ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बरा झाला," म्हणत त्याने हात जोडले आणि निघाला. तो साहेब मीच, हे तेव्हाही माझ्या तोंडून निघालं नाही.