काढलेला पार्ट थैलीत टाक

आमच्या गल्लीत कोणाचीही गाडी गॅरेजला निघाली की आधी शेजारच्या इंदूताईंना हाक जाते. त्यांच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नाही. तरी अमरावतीतले अर्धेअधिक गॅरेजवाले त्यांना ओळखून आहेत आणि जरा टरकूनच आहेत. मी वकील. गॅरेजात शिरलो की पहिल्याच वाक्याला माझा आवाज चढतो, हातवारे सुरू होतात, आणि शेवटी तो मागेल तेवढं मुकाट देऊन बायकोची नजर चुकवत घरी येतो. इंदूताई कधी आवाज चढवत नाहीत. गाडीजवळ स्टूल टाकून बसतात, मेथी निवडतात, लसूण सोलतात, पण काम संपेपर्यंत जागच्या हलत नाहीत. काम झालं की कापडी थैली पुढे करतात. "काढलेला पार्ट याच्यात टाक, बापा."

काढलेला हातात आला म्हणजे नवा खरंच बसला, एवढाच त्यांचा हिशेब. घरी आल्यावर तो पार्ट त्या नवऱ्याला, नारायणरावांना, दाखवतात. नारायणराव उलटापालटा करून पाहतात, मान डोलावतात. मग आम्ही गाडीला हात लावायचा. तुम्हाला हसू आलं असेल. मलाही यायचं, कारण कळेपर्यंत.

नारायणराव एके काळी परतवाडा ते सेमाडोह जीप चालवायचे. घाटाचा रस्ता, म्हणून त्यांनी ब्रेकचं काम करून घेतलं. गॅरेजवाल्यानं पैसे नव्या लायनरचे, म्हणजे ब्रेकच्या आतल्या पट्ट्यांचे, घेतले आणि जुनेच घासूनपुसून परत बसवले. उतारावर ब्रेक लागेना. नारायणरावांनी जीप दरीकडे जाऊ दिली नाही, डोंगराला घासत नेली. सवाऱ्या वाचल्या, यांचा गुडघा गेला. पुढे चाक उघडलं तेव्हा लबाडी बाहेर पडली. मेल्याचं तळपट होवो, असं मी आजही म्हणतो. इंदूताई तसलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी थैली शिवली.

नारायणराव पुन्हा त्या घाटात गेले नाहीत. आणि नशीब बघा, एकुलती एक लेक चंदा, तिला नोकरी लागली ती नेमकी सेमाडोहच्या शाळेत. लग्नानंतर संसारही तिनं तिथंच थाटला. नातवंड झाल्याशिवाय बापानं लेकीच्या घरी जेवायचं नाही, हा जुना रिवाज पुढे करून नारायणराव घरीच बसायचे. मग नात झाली. बहाणा संपला. नातीच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी चंदाचा फोन आला. मी तिथंच चहा पीत होतो, फोनमधला आवाज मलाही ऐकू येत होता.

"बाबा, एक डाव माह्या घरी माह्या हातचं जेवा न. म्या काई मांगलं काय तुमाले कधी?"

नारायणरावांनी फोन ठेवला, गुडघा चोळला. मग इंदूताईंना म्हणाले, "वकीलसाहेबाच्या गाडीचे ब्रेक बदलून आन. जुना पार्ट मले दाखव. मंग पाहू."

आमच्या नेहमीच्या गॅरेजला तेव्हा कुलूप होतं, म्हणून आम्ही योगेशच्या नव्या गॅरेजात गेलो. पोरगा नीट वाटला. त्यानं चारही चाकं उघडली, पाहिली आणि म्हणाला, "काकू, ब्रेक एकदम चांगले हायेत. बदलाचं काई काम नाई."

इंदूताईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. "तरी बदलून टाक."

"काहून?"

"मले जुना पार्ट पायजे."

"चांगला पार्ट काढून तुमाले देऊ अन् नव्याचे पैसे घेऊ? मंग चोरी कायले म्हनतेत?"

झालं, माझा आवाज चढला. "अरे, सांगितलं तेवढं कर ना! पैसे मी देतोय!"

"दुसरीकडं न्या साहेब. देतीन बदलून," असं म्हणून तो चाकाचे नट आवळायला बसला.

इंदूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जास्त पैसे उकळणाऱ्यांशी कसं वागायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. हा घ्यायलाच तयार नाही, त्याच्याशी काय करायचं? "रिकामी थैली घेऊन गेली त ते गाडीत बसनार नाईत रे बापा," त्या म्हणाल्या आणि गाडीला टेकून सगळं सांगून मोकळ्या झाल्या. जीप, गुडघा, चंदा, नात.

योगेशनं हात पुसले. "काकू, घर कुठी हाये तुमचं?"

संध्याकाळी तो जॅक घेऊन आमच्या अंगणात हजर. नारायणरावांसमोर त्यानं पुढचं चाक काढलं, ब्रेकचं पॅड बाहेर काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. नारायणराव पॅडच्या कडेवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले.

"पोरा, हे त अजून लय चालते."

"मी तेच सांगून राहिलो बाबा. काकू आयकतच नाई."

नारायणराव हसले. "बसव मंग. पन माह्यासमोर." शेवटचा नट त्यांनी स्वतः आवळला, दुखऱ्या गुडघ्यानं खाली बसून. इंदूताई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

वाढदिवसाला निघालो तर म्हातारा पुढे, माझ्या शेजारी बसला. परतवाडा मागे पडलं, घाट लागला आणि मीच आधी वेग कमी केला. उतारावर नारायणराव म्हणाले, "खालच्या गेअरात घ्या, साहेब." त्यांचा हात डॅशबोर्डवर घट्ट होता. दोन वळणं गेली. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

चंदा नातीला कडेवर घेऊन दारातच उभी होती. बापाला पाहिलं आणि ती आईलाच चिडवायला लागली. "आई, थैली त रिकामीच दिसते. पार्ट कुठी हाये?"

"नाई निंगाला वो माय. पोरगा खरं बोलला, त हाती काईच आलं नाई. आता तुले काय दाखवू?"

"मले नात दाखव न," नारायणराव म्हणाले. त्यांनी नातीला चंदाच्या कडेवरून आपल्याकडे घेतलं आणि उंबरा ओलांडला. "वाढ वो बाई आता. लय वर्सांची भूक हाये."