आकडा वाढला

आमच्या गावात टेलिफोन एकच, तोही दूध डेअरीच्या टेबलावर, आणि त्या टेबलामागं बसायचे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गाव येडशीच्या जवळ. दुष्काळात विहिरींचे तळ दिसायला लागले होते, पण सहकारी डेअरी तेवढी चालू होती आणि अण्णा तिथं फॅट लावायचे. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना काचेच्या नळीत घ्यायचा, त्यात ॲसिड सोडायचं, नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या आणि दुधात चरबी किती ते वाचायचं. जनावरं उसाच्या वाढ्यावर, नुसत्या शेंड्याच्या पाल्यावर जगत होती, दूध पातळ झालं होतं. त्यामुळं कुणाचं फॅट जरा चढलं की अण्णा नळी उंच धरून ओरडायचे, "आकडा वाढला!" मग ज्याचा वाढला त्यानं रांगेतल्या सगळ्यांना साखर वाटायची, असा डेअरीचा रिवाजच पडून गेला होता.

आईच्या छातीची गाठ सोलापूरला काढून वर्ष झालं होतं, तोवर तिची कंबर धरली. दुखणं हाडात उतरलं होतं. डॉक्टरांनी नव्या गोळ्या सुरू केल्या आणि आम्हाला समजावून सांगितलं, की रक्त मुंबईला तपासायला जाईल, तिथून एक आकडा येईल, तो कमी व्हायला हवा. हे ऐकायला आत आई आणि मी. अण्णा बाहेर बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेले. बाईमाणसाच्या छातीचं दुखणं म्हटल्यावर त्यांना आत यायची लाज वाटायची. त्यांना मी एवढंच सांगितलं की आकडा फोनवर कळवतील.

पुढचे दिवस मला नको झाले. मी शाळेत मास्तरीण होते आणि पोरांच्या गणितातले आकडेसुद्धा मला डोळ्यांसमोर नको वाटायचे. आई मात्र बाजेवर पडून मला हुकूम सोडत राहायची. भिंतीला धरून उठायची, कळ आली की ओठ चावायची आणि विचारलं तर म्हणायची, "हाय तसं हाय."

एका संध्याकाळी दूध घालायच्या वेळेला डेअरीकडून अण्णांचा आवाज आला. "आकडा वाढला! आमच्या हिचा आकडा वाढला!"

मी आईकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. आम्हा दोघींनाच कळलं होतं. तोवर बाया किटल्या हातात घेऊनच दारात हजर, प्रत्येकीच्या तोंडात साखर. मागून अण्णा, नवरदेवासारखे फुललेले.

मी आईच्या कानाशी लागले, "आई, मी सांगते त्यांना."

"गप," आई म्हणाली. "मी मेल्यावर येतील तवा मला कुठं दिसायचंय? आत्ता आल्यात तर बघू दे की डोळं भरून."

आणि ही बाई उठली! म्हणाली, नुसत्या साखरेवर काय बोळवता, शिरा करते. मी पातेलं हिसकावून घेतलं तर तिनं माझ्या हातावर उलथनं मारलं. चुलीपुढं खाली बसली आणि अख्ख्या गर्दीचा शिरा तिनं स्वतः हलवला. कुणी रिकाम्या किटलीवर ताल धरला, बाया गायला लागल्या. आई आगीच्या उजेडात खदाखदा हसत होती. मला तिचा राग येत होता, अण्णांचा तर फारच येत होता, आणि तरी खरं सांगते, त्या दंग्यात माझेही पाय हलायला लागले होते.

सोमवारी आम्ही तिघं एसटीनं सोलापूरला गेलो. या खेपेला आईनं अण्णांना हाताला धरून आत नेलं.

"आकडा वाढलाय," डॉक्टर म्हणाले. "कमी व्हायला हवा होता."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. "आन म्या साखर वाटली," ते पुटपुटले. "साहेब, म्या गावभर साखर वाटली."

डॉक्टरांनी आईला विचारलं, "दुखणं कसं आहे?"

"हाय तसं हाय."

मी भडकलेच. "हाय तसं काय? परवा तासभर खाली बसून शिरा हलवलास की!" आणि बोलता बोलताच माझ्या लक्षात आलं, मी काय बोलतेय ते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आईला खाली बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. भिंतीला हात न लावता उठली ती! ते म्हणाले, "या गोळ्या लागू पडतात तेव्हा सुरुवातीला कधीकधी आकडा आधी वर जातो. इथं तसंच झालंय हे आज छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण दुखणं उतरत असेल तर गोळ्या थांबवायच्या नाहीत. महिन्यानं परत रक्त बघू."

मला तिथंच नाचावंसं वाटलं. एसटीत बसलो तर अण्णा कपाळाला हात लावून म्हणाले, "आता गावाला काय सांगू?"

"काय बी सांगू नका," आई म्हणाली. "वाढला म्हंजी चांगलं, एवढंच गावाला ठावं हाय. खाली आला तर तुमी वाढला म्हणूनच वरडा."

"आन खरंच वाढला तर?"

"तवा गप घरला या."

दुसरा फोन आला तेव्हाही दुधाचीच वेळ होती. घंटा आम्हाला अंगणात ऐकू आली. मग घंटा थांबली. आई दाराला धरून उभी राहिली, मी तिच्या दंडाला धरून. डेअरीकडून किटल्यांचे आवाज येत होते, बायांचं बोलणं येत होतं. अण्णांचा आवाज येत नव्हता.

मग ते रस्त्यावर दिसले. एकटेच. गप चालत येत होते. आईनं माझा हात सोडवला, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं आणि म्हणाली, "बसा. दमला असाल."

अण्णा बसले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तांब्या तसाच आईच्या हातात.

"निम्म्यावर आलाय," ते कसंबसं म्हणाले. "वरडायला गेलो तर आवाजच फुटंना."

आईनं तांब्या माझ्याकडं दिला. डोक्यावरचा पदर नीट केला, तरातरा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, आणि डेअरीकडं तोंड करून, जन्मात कधी ओरडली नव्हती अशी ओरडली, "आकडा वाढला गं बायांनो! माझा आकडा वाढला!"