ताटाच्या काठावरचा हात

मी वाईला एका शाळेत विज्ञान शिकवतो. देव आहे की नाही या वादात मी आजवर कधी हरलो नव्हतो. ही फुशारकी नाही, कबुली आहे. त्यातला सगळ्यात मोठा वाद मी माझ्या वडिलांशी जिंकलो, आणि पुढची सहा वर्षं ते ओझं मनावर घेऊन वावरलो.

आमचं घर ख्रिस्ती, मूळ गाव आटपाडी तालुक्यात. माझे वडील, आबा, तिथल्या लहानशा चर्चचे पंच होते. घरात एकच शिस्त होती. ताटं वाढून झाली की आबा ताटाच्या काठावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि प्रार्थना म्हणायचे: "हे बापा, ही भाकरी तू दिलीस. हिच्यासाठी राबलेल्या हातांना बळ दे. ज्यांच्या चुलीला आज जाळ न्हाई, त्यांची आठवण ठेव. येशूच्या नावानं मागतो, आमेन." तोवर भाकरी कुणी मोडायची नाही. शेजारचे पाटील जेवायला असले तरी तेही हात आवरून बसायचे आणि आमेन झालं की म्हणायचे, "चला, आबानं फाटक उघडलं."

आई आजारी पडली तेव्हा चर्चच्या मंडळींनी तिच्या कपाळाला प्रार्थनेचं तेल लावलं, प्रार्थना केल्या. तिच्या नाकात नळी घातलेली होती. तीन आठवडे तिने ती सोसली आणि गेली. दफन करून आलो त्या दिवशी सगळे जेवायला बसले. आबांनी ताटाच्या काठावर हात ठेवला आणि माझा तोल सुटला. मी म्हणालो, "देवाला आईला बरं करता येत नव्हतं, की करायचं नव्हतं? येत नसेल तर तो देव कसला? करायचं नसेल तर तो बाप कसला?"

आबा हळू म्हणाले, "वधस्तंभावर येशूनंबी बापाला हेच इचारलं हुतं, बाळा. त्यालाबी उत्तर आलं न्हाई."

"मग आपण कुणाशी बोलतोय इतकी वर्षं?" मी विचारलं.

आबांनी ताटाच्या काठावरचा हात मागे घेतला. कुणीतरी म्हणालं, "जेवा आता," आणि सगळे प्रार्थनेवाचून जेवले. त्यानंतर आबा माझ्याकडे वाईला राहायला आले, पण ती प्रार्थना माझ्या घरात कधी ऐकू आली नाही. माझ्या मुद्द्याला उत्तर नसल्यामुळे त्यांनी ती सोडून दिली, अशी मी समजूत करून घेतली. ते ताटावर बसून काय करतात हे मी पाहिलंच नाही. ते पहिला घास घेईपर्यंत एका हातात मोबाइल धरून माझं निम्मं जेवण उरकलेलंही असायचं.

गेल्या हिवाळ्यात गावच्या चर्चच्या उपकारस्तुतीच्या सणाला आबा हट्टाने गेले आणि तिथेच पडले. अर्धांगवायूचा झटका होता. त्यांना सांगलीच्या दवाखान्यात आणलं. उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. मुलीची दहावी असल्यामुळे बायको वाईला थांबली, आबांजवळ मी एकटाच होतो.

डॉक्टरीणबाईंनी गिळण्याची तपासणी केली. ठीक आहे, पातळ खायला द्या म्हणाल्या. पण आबा खाईनात. पाणी घेत, औषध घेत. पेजेची वाटी पुढे आली की मात्र ओठ घट्ट मिटत आणि डाव्या हाताने वाटी ढकलत. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल." आईची नळी पाहिल्यापासून आबा म्हणत आले होते, "मला तसलं काय लावू नगा." मी बाईंना मान डोलावली आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो.

शेजारच्या खाटेवर जतचे एक म्हातारे होते. त्यांचा पुतण्या दस्तगीर त्यांची उस्तवार करायचा. माणूस माझ्याच वयाचा, पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करणारा. मी विज्ञानाचा मास्तर हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्याने विचारलं होतं, "मग मास्तर, तुमी द्येव मानता का न्हाई?" मी सवयीने नाही म्हणालो.

"आवं, हज्जारभर मोटारी भरल्या म्या. एकीची बी तार आपसूक गुंडाळली न्हाई. आन् ही येवढी दुनिया आपसूक?"

"मग तार गुंडाळणाऱ्याला कुणी केलं?"

तो हसला. "लय हुशार हाय गड्या तुमी. तुमच्या वर्गातली पोरं पळून जात आसतील."

मी तिथेच थांबायला हवं होतं, पण मला थांबता येत नाही. त्याच्या कण्हणाऱ्या चुलत्याकडे बोट करून मी म्हणालो, "हे एवढं भोगतायत, ते तुमच्या अल्लाला दिसत नाही का?"

त्याचं हसू गेलं, पण तो रागावला नाही. चुलत्याचं तोंड पुसत म्हणाला, "दिसतंय की. म्हनून तर मला बसवलंय हितं." हे उत्तर माझ्या कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हतं. मी वर्तमानपत्र उघडलं.

तर त्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यातून परत आलो आणि पुन्हा वाटी पुढे केली. आबांचे ओठ मिटले, हात वाटीवर आला. मी वैतागून म्हणालो, "आबा, ढकलू नका हो!"

दस्तगीर त्याच्या खाटेवरून म्हणाला, "मास्तर, ढकलत न्हाईत त्ये."

"मग काय करतायत?"

"काठ धरून बसल्यात. कालधरनं बघतोय म्या. जेवायच्या आदी तुमच्यात काय म्हनत्यात का? आमी बिस्मिल्ला म्हनतो तसं?"

मी आबांच्या हाताकडे पाहिलं. चार बोटं वाटीच्या काठावर होती, अंगठा आत. डोळे मिटलेले. लहानपणी हजारो वेळा पाहिलेला हात मी दोन दिवस ओळखला नव्हता. सहा वर्षं ते मनातल्या मनात प्रार्थना करत असणार. आता मनातले शब्दही त्यांना सापडत नसावेत, आणि प्रार्थनेवाचून ते घास घेणार नव्हते. ते कुणीतरी म्हणायची वाट पाहत होते, आणि तिथे म्हणणारा मी एकटाच होतो.

मला लाज वाटली. ज्याला मी मानत नव्हतो त्याच्याशी, भरल्या वॉर्डात, मोठ्याने बोलायचं होतं. दस्तगीर म्हणाला, "म्हना की. वाद मागनं घाला."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. "हे बापा, ही भाकरी तू दिलीस," एवढं आलं. "हिच्यासाठी राबलेल्या हातांना बळ दे," हेही आलं. पुढचं आठवेना. मी अडकलो. आणि दोन दिवस घशातून नुसता आवाज काढणारे आबा अडखळत, पण समजेल असं बोलले: "ज्यांच्या चुलीला… आज जाळ न्हाई… त्यांची आठवण ठेव." शेवटचं वाक्य आम्ही दोघांनी मिळून म्हटलं. आमेन झालं तसं शेजारच्या खाटेवरून हळूच "आमीन" आलं. आबांचा हात काठावरून उठला आणि तोंड उघडलं. सात चमचे पेज गेली. नळी लागली नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. रोजचं पाठ झालेलं बोलणं कधीकधी मेंदूच्या वेगळ्या भागातून येतं, म्हणून ते टिकतं. मला ते पटलं, आजही पटतं. मी दस्तगीरला तसंच सांगितलं. तो म्हणाला, "आसंल. मग त्यो भाग कुनी जपून ठिवला?" याचं उत्तर मला येत होतं. जिभेवर आलं होतं. मी वाटी उचलली आणि धुवायला गेलो.

माझ्या बाबतीत जे घडलं ते एवढंच आहे. त्याला चमत्कार म्हणावं की नाही, हे मी ठरवत नाही. पण पहिल्याच दिवशी मी ज्याच्या श्रद्धेची चेष्टा केली होती, त्याच माणसाला माझ्या बापाचा हात वाचता आला, आणि तो शेजारच्याच खाटेपाशी बसलेला होता. त्याबद्दल उपकार मानायला बसलो की माझी मान आपोआप खाली जाते. कुणापुढे, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

आबा आता वाईला आहेत. इतर बोलणं फारसं परत आलेलं नाही. प्रार्थनेची सुरुवात त्यांना जमत नाही. ती मी करतो, मधून ते उचलतात. मी त्यांची माफी मागितली तेव्हा ते नुसते बघत राहिले. त्यांना कळलं की नाही, मला समजलं नाही. परवा शाळेला उशीर होत होता म्हणून मी घाईत भाकरी मोडायला गेलो. शेजारून आबांचा डावा हात सावकाश सरकत आला आणि माझ्या ताटाच्या काठावर टेकला. मी भाकरी खाली ठेवली आणि डोळे मिटले.