डोस्ताआजीची बादली

स्पासे मिस्त्रीच्या पायाला भिंगरी आहे. प्रिलेप शहरात त्याच्या गॅरेजला लागूनच माझं टायरचं दुकान, त्यामुळे एकोणीस वर्षं मी हा माणूस सोसतोय. कॉफी तो उभ्यानं पितो, तीही अर्धी. उरलेली कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर ठेवून विसरतो आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या मी खातो. पण गाडीच्या विजेचं काम करावं तर त्यानंच. आपल्या हातून गेलेली गाडी परत येत नाही, असं तो स्वतःच गावभर सांगतो.

या ऑगस्टात जवळच्या खेड्यातल्या इलिंकाची गाडी तीनदा परत आली.

गाडीला मागून एका ट्रकनं ठोकलं होतं. स्पासेनं मागचा पत्रा बदलला, तारा नव्यानं ओढल्या, आणि तिथूनच दुखणं सुरू झालं. सकाळी खेड्यातून प्रिलेपला निघालं की सात-आठ मिनिटांत इंजिन बंद. इलिंकाच्या नवऱ्याची, मित्रेची, दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. दिवसाआड सकाळी सातला प्रिलेपच्या रुग्णालयात डायलिसिस. दोनदा तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर हादरे खात पोचला. तिसऱ्यांदा पाऊण तास रस्त्याकडेला बसून राहिला, पाय सुजलेले, ओठ निळे.

गॅरेजमध्ये दुपारी गाडी आणली की सगळं ठीक. संगणक जोडला की तो एकच सांगायचा, पेट्रोलच्या पंपाची वीज मध्येच तुटली होती. कुठं तुटली ते काही सांगायचा नाही. स्पासेनं पंप बदलला, फ्यूज बदलले, तारा पुन्हा तपासल्या.

"मिस्त्री, तुमच्या दारात ती गुणाची असते," इलिंका म्हणाली, "आणि आमच्याकडे आडवी होते. शुक्रवारी पुन्हा अडली, तर मित्रेला तुमच्या पाठीवर घालून नेईन."

स्पासेची झोप उडाली. माझ्या दुकानात यायचा, टायरला लाथ मारायचा, निघून जायचा.

"अरे, जरा बूड टेक की!"

"तू तुझी हवा भर," तो खेकसला.

शुक्रवारी पहाटे त्यानं मला अंथरुणातून ओढलं. "चल. जिथं रुसते तिथं जाऊनच बघू."

आम्ही इलिंकाच्या दारी पोचलो तेव्हा तंबाखू खुडून बायका परतत होत्या. इलिंकानं इंजिन सुरू केलं होतं, मित्रे मागं बसला होता. त्याची आई, डोस्ताआजी, अंगणातून लगबगीनं आली. बोटं तंबाखूच्या चिकानं काळी, हातात भरलेली बादली. निघालेल्या माणसामागं पाणी ओतायचं, म्हणजे वाट पाण्यासारखी सरळ होते. माझी बायकोसुद्धा ओततेच. पण पेलाभर! आजीनं अख्खी बादली गाडीच्या ढुंगणावर फेकली.

"थांबवा!" स्पासे ओरडला.

"आधी पेलाच असायचा," इलिंका खिडकीतून म्हणाली. "गाडी अडायला लागली तशी बादली आली."

स्पासे चिखलात उताणा पडून गाडीखाली शिरला. मागच्या पत्र्यातून तारा आत जातात, त्या भोकाला रबरी बूच लागतं. ते नव्हतं. पाणी थेट पंपाच्या तारांच्या जोडावर ठिबकत होतं आणि दुपारपर्यंत उन्हानं वाळून जात होतं. बाहेर येऊन त्यानं हत्यारांची पेटी उपसली. बूच तळाशी होतं.

मी तोंड उघडलं, "आजी, तुमच्या पाण्यानं—" तेवढ्यात त्यानं माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला.

पण आजीनं ऐकलं होतं. रिकामी बादली तिनं खाली ठेवली. "माझ्यामुळं का रे? माझ्या लेकाला मीच अडवत होते?"

"नाही आजी. ही गाडी घरात आली तेव्हापासून तुम्ही पाणी टाकताय. ट्रकनं ठोकायच्या आधी कधी अडली? बूच मी बसवायला विसरलो. चूक माझी."

एकोणीस वर्षांत हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला त्या क्षणी तो फार आवडला, पाय ठणकत असूनही.

जोड पुसून, पट्टी गुंडाळून त्यानं बूच बसवलं. साडेसहा होत आले होते.

"टाका आता. बादली भरून."

आजी हलेना.

"टाका हो! मी मित्रेशेजारी बसतो. अडली तर मला तिथंच उतरवून द्या."

तिनं बादली भरली आणि डोळे मिटून फेकली.

मी पुढं बसलो. मागं स्पासेचा गुडघा माझ्या पाठीला सारखा लागत होता. तो इंजिनाला कान देऊन बसला होता. तंबाखू वाळवायच्या मांडवांपाशी, जिथं गाडी तिन्ही वेळा बंद पडली होती, तिथं इलिंकानं श्वास रोखला. वळण मागं पडलं.

"गेलं हो, मिस्त्री!" ती ओरडली.

 माझ्या पाठीला लागणारा गुडघा थांबला होता.

सातला पाच मिनिटं असताना आम्ही रुग्णालयाच्या फाटकात शिरलो. मी वळून पाहिलं. मित्रेच्या खांद्यावर डोकं टाकून स्पासे घोरत होता.

मित्रेनं ते डोकं हळूच सीटवर टेकवलं आणि काठी घेऊन उतरला.

"उठवू नका त्याला," तो कुजबुजला. "मला अजून चार तास लागतील."