मामांचा अंगठा

आमच्या हिच्या मामांइतका लोकांच्या पायाशी वाकलेला माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यात भक्तीचा लवलेश नव्हता. भवानीनगरात मामांची रक्त तपासायची लॅब. समोर कुणीही येवो, मामा खाली वाकणार आणि घोट्याच्या वर, नडगीवर अंगठा दाबून धरणार. खळगा पडून राहिला की रक्तातलं प्रथिन घटलंय, हा त्यांचा पहिला संशय. आमच्या लग्नात ते माझ्या पायाशी वाकले तेव्हा मी लाजून मागं सरलो, तर माझा पाय पुन्हा ओढून घेत मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय झ्याक हायती. द्या पोरगी." अक्षता पडून तासभर झाला होता!

रक्त मशिनीत फिरवलं की वर पिवळसर पाणी येतं. ती नळी खिडकीच्या उजेडात धरून मामा देव्हाऱ्यासमोर उभं राहावं तसे बघत राहायचे. म्हणायचे, लिव्हर, किडनी, खाणंपिणं, सगळ्यांची चुगली ह्या एवढ्याशा पाण्यात असते. मी हसायचो. पुढं माझ्या आईचे पाय सुजले आणि लासुर्ण्यातले आम्ही शहाणे, वय झालं म्हणून तेल चोळत बसलो. ह्याच माणसानं अंगठा दाबला, रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रथिन, मोजलं, लघवी तपासली आणि किडनीतून प्रथिन गळतंय म्हणून त्याच दिवशी तिला बारामतीच्या मोठ्या डॉक्टरांकडं धाडलं. आई आज शेळ्यांमागं पळते. माणसाच्या आतल्या कारभाराचा थांगपत्ता एका अंगठ्याला लागावा, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

मामा चिडायचे ते एकाच गोष्टीवर. रक्त काढताना दंडाची रबरी पट्टी जरा जास्त वेळ बांधलेली राहिली की कडाडायचे, "सोडा ती! प्रथिनाचा आकडा खोटा चढतो."

यंदा पाडव्याला मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर मामांनी पाय खुर्चीखाली घेतले. मला शंका आली. धरलाच पाय, दाबला अंगठा. खळगा भरेना. किती दिवस झाले म्हणून विचारलं तर नजर चुकवून म्हणाले, "दुसऱ्याचं रगत बघायला भ्या न्हाय, जावयबापू. आपलं बघवत न्हाय."

त्यांच्याच लॅबमध्ये नेऊन त्यांना बसवलं. इतकी वर्षं त्यांची बोलणी खाल्लेल्या लॅबमधल्या बाईंनी दंडाला पट्टी बांधली, सुई शिरेत गेली, आणि सवयीनं त्यांनी लगेच पट्टी सोडायला हात नेला. मामांनी तो हात धरला.

"ऱ्हाऊ द्या जरा," ते हळूच म्हणाले. "चढला तर चढू द्या."