वाइंडिंगवाल्या वहिनी

मोटार वाइंडिंगचं ते दुकान दोघा भावांचं, पण बाजारात त्याला सगळे वहिनींचं दुकान म्हणायचे. थोरला भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, भारी अबोल. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यांचा पाना हमखास हरवायचा आणि ते शोधायला आत जायचे. त्यामुळे बोलायला वहिनी, आणि हात रिकामे असले की वाइंडिंगलाही वहिनीच. पंपांच्या, पंख्यांच्या जळक्या मोटारी यायच्या. आतली काळी पडलेली तार सोलून काढायची नि नवी भरायची. लग्न होऊन आल्यावर बघता बघता त्या हे शिकल्या. "विणकामच आहे," म्हणायच्या, "फक्त इथं टाका चुकला की फ्यूज उडतो."

धाकटा दीर दुकानात अंगाने असायचा, मनाने नाही. त्याला इलेक्ट्रिक गिटारचं वेड. एका बँडमध्ये तो वाजवायचा. "आता मी पूर्णवेळ हेच करणार," असं एकदा तो म्हणाला, आणि थोरल्यांनी "मग कर" एवढंच उत्तर दिलं. त्या दिवसापासून एका छपराखाली राहूनही भाऊ भावाशी वहिनींमार्फत बोलू लागला. "त्यांना सांगा, मीठ इकडे द्या." मीठ दोघांच्या बरोबर मधोमध असायचं.

त्याच सुमारास दिराच्या गिटारचा एक पिकअप मुका झाला. पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की या वेढ्यांत वीज उमटते आणि स्पीकर बोलतो. बाहेरून नवा मागवायचा तर कधी येईल याचा भरवसा नव्हता.

"आणा इकडे, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी तारच ना?"

तार खरी, पण केसाहून बारीक. मोटारीच्या सवयीने ओढली की तुटायची. मग वहिनींनी जुन्या शिलाई मशीनच्या मोटारीवर डबी फिरती बसवली आणि मऊ चिंधीच्या चिमटीतून तार सोडत गेल्या. भरून झाली. दिराने लावून पाहिली तर स्पीकर असा किंचाळला की शेजारचा न्हावी वस्तऱ्यासकट धावत आला. वेढे सैल राहिले होते, तेच थरथरत होते. मोटारीची गुंडाळी वार्निशमध्ये बुडवतात, म्हणून वहिनींनी ही वितळलेल्या मेणात बुडवली. किंचाळणं थांबलं आणि आवाज मूळच्यापेक्षा भरदार आला. दिराने बँडमध्ये सांगितलं, बँडवाल्यांनी आणखी कुणाकुणाला. हळूहळू पंपांच्या शेजारी गिटारी टेकवलेल्या दिसू लागल्या.

मग अपघात झाला. कार्यक्रमाहून परतताना बँडची गाडी उलटली. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं, दिराचं मात्र उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. अंगठा नि तर्जनी शाबूत होती, म्हणजे तारा छेडता येत. पण गिटारला पिकअप दोन, आणि गाण्यात ते आलटून पालटून वापरावे लागतात. मानेजवळचा आवाजाने गोल, तारा खाली जिथे टेकतात त्या घोडीजवळचा धारदार. त्यांचा खटका तारांच्या खालच्या बाजूला असतो आणि वाजवता वाजवता हात खाली नेऊन तो पाडायचा असतो. दिराचा हात तिथं वेळेवर पोचेना. बँडने काही दिवस वाट पाहिली, मग दुसरा वादक घेतला. "त्यांचं काही चुकलं नाही," असं दीरच म्हणाला. गिटार कपाटावर गेली आणि तो दुकानात बसून जळक्या मोटारी सोलू लागला. थोरल्यांना हवं होतं तसंच झालं होतं, पण त्यांचंही जेवण कमी झालं.

एका दुपारी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, तो खटका हाताखालीच का पाहिजे?"

"मग कुठे पाहिजे?"

"शिलाई मशीन मी पायाने चालवते की."

"वहिनी, माझी कीव करू नका."

"कीव करायला मला सवड कुठे आहे? दारात मोटारी पडल्यात. गिटार आणा खाली."

त्यांनी गिटार उघडली. दोन्ही पिकअपच्या तारा जुन्या खटक्यावरून सोडवल्या, वेगवेगळ्या बाहेर काढल्या आणि एका लांब केबलने जमिनीवरच्या पेडलपर्यंत नेल्या. पेडल शिलाई मशीनचंच, आत स्विच नवा. पायाने दाबलं की पिकअप बदलत होता, पण सोबत गांधीलमाश्यांचं पोळं उठावं तशी घरघर येत होती. वहिनींनी सगळे जोड पुन्हा तपासले. घरघर जाईना. दीर म्हणाला, "जाऊ द्या वहिनी."

कोपऱ्यातून आवाज आला, "पेडलची डबी प्लॅस्टिकची आहे. घरघरणारच. पत्र्याची पाहिजे, आणि पत्रा अर्थिंगला जोडायचा."

वहिनींनी यजमानांकडे पाहिलं. "सांगू का त्यांना?"

"मी सांगतोय ना," थोरले म्हणाले आणि खडू घेऊन भावासमोर उकिडवे बसले. "वाजवताना पाय कुठे पडतो तुझा?"

"इथं, दादा."

थोरल्यांनी बुटाभोवती फरशीवर रेघ ओढली. संध्याकाळपर्यंत पत्रा कापून, वाकवून, कडा घासून डबी तयार झाली. घरघर गेली.

म्हणून लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पायाने ताल धरायचा की खटका दाबायचा, हे पायालाच उमगत नव्हतं. गाणं धारदार व्हायच्या जागी गोल व्हायचं आणि दीर स्वतःवरच चिडायचा. पुढे डावा पाय तालाला नि उजवा खटक्याला अशी वाटणी झाली. बँडमध्ये तो परतला नाही, कुणी बोलावलंही नाही. आता रविवारी एका हॉटेलात तो एका गायिकेला साथ करतो, आणि एरवी दुकानात बनलेला प्रत्येक पिकअप वाजवून पास-नापास करतो. नापास झाला की वहिनींशी भांडण ठरलेलं.

थोरले एकदा हॉटेलात जाऊन ऐकून आले. मागच्या टेबलावर बसले होते. वहिनींनी विचारलं, "कसं वाजवलं?"

"खटका वेळेवर पडत होता," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

पायाचा खटका मागायला हल्ली इतर वादकही येतात. वहिनी आधी विचारतात, "हात धड आहेत ना?" आहेत म्हटलं की त्या गिटार परत देतात. "मग वापरा की ते!"